वाचक विचारतात: सी हॉकचा ‘स्काय’, पँथरचा निळा आणि जुलैतली हवा

विमानवाहू जहाजांवरच्या सुरुवातीच्या जेट लढाऊ विमानांची प्लॅस्टिक मॉडेल्स करणाऱ्या वाचकांकडून या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली ठाणे आणि नवी मुंबईतली काही निवडक पत्रं घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ‘विक्रांत’वरचं सी हॉक 1/72 मापात करतो आहे. सूचनापत्रकात वरून ‘एक्स्ट्रा डार्क सी ग्रे’ आणि खालून ‘स्काय’ सांगितलं आहे. मी टामिया कंपनीचा ‘स्काय ग्रे’ मारला, पण विमान फोटोतल्यासारखं दिसत नाही. चूक कुठे झाली? (वाचक, नौपाडा, ठाणे)

चूक डबी निवडताना झाली, आणि ती फार जणांकडून होते. ‘स्काय’ आणि ‘स्काय ग्रे’ हे दोन वेगळे रंग आहेत. टामियाचा एक्सएफ-19 म्हणजे ‘स्काय ग्रे’. तो राखाडीच आहे. तुम्हाला हवा आहे एक्सएफ-21, म्हणजे ‘स्काय’. नावावरून आकाशी वाटला तरी तो निळा नाही. कैरीच्या पन्ह्यात भरपूर दूध मिसळावं तशी फिकट, किंचित पिवळसर हिरवी छटा आहे त्याची. ब्रिटिश रंगमानकात त्याचा क्रमांक 210 आणि वरच्या गडद राखाडीचा 640. मिस्टर कलर या कंपनीच्या रंगांत हा राखाडी 333 क्रमांकाला मिळतो. हम्ब्रोलचे रंग वापरत असाल तर राखाडीसाठी 123 आणि स्कायसाठी 90.

दुसरी गोष्ट दोन रंगांच्या सीमेची. त्या काळच्या ब्रिटिश नौदली पद्धतीत राखाडी रंग पंखांच्या वरच्या बाजूला आणि धडाच्या पाठीवर असे. धडाच्या बाजू आणि उभं शेपूट स्कायमध्ये असत. बरेच जण राखाडी अर्ध्या धडापर्यंत खाली आणतात आणि विमान उगाच जड दिसायला लागतं. सीमारेषा टेपने आखलेली, स्वच्छ हवी. ती फवाऱ्याने पुसट करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं : डबी उघडण्याआधी साल ठरवा. नौदलाची 300 क्रमांकाची ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रन 7 जुलै 1960 रोजी ब्रिटनमध्ये ब्रॉडी इथे उभी राहिली आणि ‘विक्रांत’ 4 मार्च 1961 रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली. त्या पहिल्या विमानांवर हीच राखाडी-स्काय रंगसंगती होती. पुढे पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरलेली सी हॉक आपण घेतली. त्यांचं उभं शेपूट ब्रिटिश नमुन्यापेक्षा उंच आहे. किटमध्ये ब्रिटिश शेपूट असेल आणि तुम्ही निवडलेला क्रमांक जर्मनीहून आलेल्या विमानाचा असेल, तर रंग कितीही अचूक मारला तरी मॉडेल चुकलेलंच राहील. अशा वेळी शेपटाच्या टोकावर 1 मिमी जाडीची प्लॅस्टिक पट्टी चिकटवा आणि फोटोवर ताडून घासत आणा. मूळ आकारावर नुसती पुट्टी चढवून उंची वाढवू नका, कारण वाळताना ती आकसते आणि कड वाकते.

विमानावरच्या भारतीय गोल चिन्हात केशरी बाहेर, पांढरा मध्ये आणि हिरवा आत असतो. डेकलचा (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांचा) कागद उलटसुलट छापलेला मिळाला तर तो वापरू नका.

गोव्यात वास्कोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक ठेवलेलं आहे. ठाण्याहून कोकण रेल्वेने मडगाव गाठून ते पाहता येतं आणि मॉडेल करणाऱ्याने एकदा तरी पाहावंच. मात्र तिथले फोटो आकारासाठी, सांध्यांसाठी, चाकांच्या दारांसाठी वापरा, रंगासाठी नको. उघड्यावर ठेवलेली विमानं पुन्हा पुन्हा रंगवली जातात, त्यामुळे 1961च्या रंगाचा पुरावा म्हणून ती धरता येत नाहीत.

प्रश्न : सी हॉकच्या शेपटाकडे जेटचं भोकच नाही! किटमध्ये काही भाग कमी आला आहे का? आणि विमान मागच्या बाजूला कलंडतं. (वाचक, ऐरोली)

किट पूर्ण आहे. सी हॉकमध्ये रोल्स-रॉइसचं नीन इंजिन धडाच्या मधोमध बसतं आणि त्याचा मागचा पाइप दोन फाट्यांत विभागून पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेला, दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. हवा आत घेणारी तोंडंही पंखांच्या मुळाशीच, पुढच्या कडेला आहेत. लांब पाइपमध्ये जोर वाया जातो. पाइप आखूड केल्याने ते नुकसान टळलं आणि मागचं धड इंधनाच्या टाकीसाठी मोकळं झालं. समुद्रावर लांब जाऊन परत यायचं असलेल्या विमानाला ही जागा फार मोलाची.

पाइपच्या तोंडामागे धडाला लागून पेनाच्या निबासारखं निमुळतं आवरण असतं. गरम झोत धडावर बसू नये म्हणून ते दिलं आहे. मॉडेलमध्ये ते घासताना गोल होऊन जातं, तेव्हा तिथे 800 नंबरच्या पुढचाच सँडपेपर वापरा. पाइपची आतली बाजू धड जोडण्याआधी रंगवा : गडद लोखंडी रंगात थोडा तपकिरी. नंतर ब्रश आत जात नाही.

कलंडण्याचं कारण सरळ आहे. मुख्य चाकांच्या मागचं वजन पुढच्यापेक्षा जास्त होतं. नाकात 10 ग्रॅम शिसं घालून सुरुवात करा. मासेमारीच्या गळाला लावतात ते छोटे गोळे चालतात. कॉकपिटच्या मागे कोंबलेल्या वजनाचा फारसा उपयोग नाही, कारण ते चाकांच्या जवळ येतं. जितकं नाकाच्या टोकाकडे, तितकं कमी वजन पुरतं. धडाचे दोन भाग आधी टेपने जोडा, पंख लावून चाकांच्या जागी दोन काड्यांवर तोलून पाहा आणि मगच चिकटवा. वजन बसवायला इपॉक्सी वापरा. साध्या प्लॅस्टिक सिमेंटने शिसं चिकटत नाही आणि वर्षभरात आत खुळखुळायला लागतं.

प्रश्न : ग्रमन पँथर निळ्या रंगात केलं. शेल्फवर ठेवलं की काळं दिसतं. रंग चुकीचा घेतला का? (वाचक, कोपरखैरणे)

रंग बहुधा बरोबरच आहे. अमेरिकी नौदलाचा ‘ग्लॉसी सी ब्लू’ मुळातच फार गडद आहे. अमेरिकी मानकात तो 15042 क्रमांकाच्या जवळ जातो आणि मिस्टर कलरमध्ये 365 क्रमांकाला मिळतो. खरं विमान उन्हात बारा मीटर पसरलेलं असतं, त्यावर आभाळाचं प्रतिबिंब पडतं आणि निळा उठतो. तोच रंग वीतभर मॉडेलवर, ट्यूबलाइटखाली, काळाच वाटणार.

उपाय म्हणून लोक पांढरा मिसळतात. ते टाळा. पांढऱ्याने रंग खडूसारखा, जांभळट राखाडी होतो. 8 भाग सी ब्लूमध्ये 1 भाग मध्यम निळा मिसळा आणि खाली काळ्याऐवजी राखाडी प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) द्या. पॅनेलच्या रेघा काळ्या वॉशने (रेघांत उतरणाऱ्या अगदी पातळ रंगाने) भरल्या तर दिसतच नाहीत. त्या फिकट निळसर राखाडीने भरा.

पँथरला खरं देखणेपण येतं ते कडांमुळे. पंख, आडवं शेपूट आणि हवेच्या तोंडांच्या पुढच्या कडांवर उघडा धातू ठेवलेला असे, कारण त्या वेगाला पाऊस आणि धूळ कडेवरचा रंग खरवडून काढतात. काम या क्रमाने करा : कडांवर चकचकीत काळा, तो पूर्ण वाळल्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर, मग किमान 24 तास विश्रांती. त्यानंतर टेपच्या अरुंद पट्ट्या कापून कड झाका आणि निळा मारा. टेप आधी तळहातावर एकदा चिकटवून काढा, म्हणजे तिचा जोर कमी होतो. नाहीतर धातूचा थर टेपबरोबर निघून येतो. निळा मारून अर्ध्या तासात, टेप स्वतःवरच दुमडत, सावकाश ओढा. पूर्ण कडक झालेल्या रंगावरून काढली तर कड दातेरी होते.

कोरियन युद्धातलं विमान करत असाल तर अमेरिकी चिन्हातल्या चांदणीच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये लाल रेघ हवीच. ती जानेवारी 1947 पासून आली. पांढरे डेकल गडद निळ्यावर निळसर दिसतात, म्हणून एकावर एक दोन लावा. दुसरं लावण्याआधी पहिलं रात्रभर वाळू द्या.

तुमच्या सी हॉक करणाऱ्या मित्रांनाही सांगण्यासारखं एक : पँथर एफ9एफ-2चं जे42 इंजिन म्हणजे अमेरिकेत परवान्याने बनलेलं नीनच. ब्रिटनने सोव्हिएत संघालाही नीन विकलं आणि त्यावरूनच मिग-15चं इंजिन घडलं. 9 नोव्हेंबर 1950 रोजी लेफ्टनंट कमांडर विल्यम एमन यांनी पँथरमधून मिग-15 पाडलं, तेव्हा दोन्ही विमानांच्या पोटात एकाच घराण्याची इंजिनं धडधडत होती. नीनचा व्यास सुमारे 1.26 मीटर. सी हॉक आणि पँथर, दोघांची धडं इतकी गुबगुबीत का, याचं उत्तर त्यात आहे. घासताना तो फुगीरपणा सपाट होऊ देऊ नका.

प्रश्न : जुलैत लॅकर मारला की चकचकीत निळ्यावर दुधाळ डाग येतात. थिनर खराब आहे का? (वाचक, खारघर)

थिनरला दोष देऊ नका. लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असेल तर गार पृष्ठभागावर बाष्प बसतं आणि ओल्या रंगात अडकतं. तोच तो दुधाळपणा. फिकट राखाडीवर तो लपतो, गडद निळ्यावर लगेच दिसतो.

पन्नास-साठ कामांनी शिकवलेला नियम असा : आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर असेल तर चकचकीत लॅकर मारू नये. छोटं आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. एसी असेल तर ‘ड्राय’वर अर्धा तास आधी लावा. मॉडेल, रंग आणि थिनर त्याच खोलीत ठेवा. एसीच्या खोलीतून गार मॉडेल गॅलरीत नेऊन रंगवणं म्हणजे मुद्दाम दव पाडून घेणं. थिनरमध्ये 10 टक्क्यांपर्यंत रिटार्डर घाला. रंग सावकाश वाळतो आणि बाष्पाला निघून जायला वेळ मिळतो.

डाग पडलेच असतील तर घासू नका. पूर्ण वाळल्यावर 9 भाग थिनर आणि 1 भाग रिटार्डर यांचा अगदी हलका फवारा लांबून द्या. वरचा थर पुन्हा सैल होतो, ओल निघते, चमक परत येते. एका जागी थांबलात तर मात्र रंग ओघळतो आणि धातूच्या कडाही विरघळतात, तेव्हा त्या आधी झाकून घ्या.

डाग दुधाळ नसून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील तर कारण वेगळं. ते कॉम्प्रेसरपासून एअरब्रशपर्यंतच्या नळीतून आलेलं पाणी. हवा दाबली की गरम होते आणि नळीतून जाताना गार होऊन पाणी सोडते. म्हणून पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरजवळ असला तरी दुसरा छोटा एअरब्रशच्या मुठीपाशी लावा. कॉम्प्रेसरला टाकी असेल तर ती दर बैठकीनंतर रिकामी करा. दाब 1 ते 1.2 बार पुरतो.

खिडक्या बंद करून लॅकर मारताना कापडी मास्क निरुपयोगी आहे. सेंद्रिय वाफांसाठीची काडतुसं असलेला रेस्पिरेटरच लावा. स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट पंखा फवाऱ्याच्या वाटेत बसवू नका. मोटरच्या ठिणगीने वाफ पेट घेऊ शकते.

प्रश्न : राखाडी-पांढऱ्या रंगसंगतीत पंखांवरचे हलणारे भाग पांढरे दाखवले आहेत. छपाईची चूक? (वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

चूक नाही. 1955 मध्ये अमेरिकी नौदलाने निळा सोडून वरून ‘लाइट गल ग्रे’ आणि खालून पांढरा स्वीकारला. त्यात शेपटाचा रडर आणि पंखांवरचे हलणारे भाग वरूनही पांढरे ठेवले. राखाडी निस्तेज आणि पांढरा चकचकीत असतो. मॉडेलवर सगळीकडे एकच सॅटिन (अर्धचकचकीत) वार्निश मारलं तर हा फरकच पुसला जातो. आधी पांढरा मारा, वाळल्यावर झाका, मग हम्ब्रोल 129 किंवा तत्सम राखाडी. उलट केलं तर पांढऱ्याचे चार-पाच थर चढवावे लागतात आणि सांध्यांच्या रेघा बुजतात.

प्रश्न : जहाजावर उतरलेलं पहिलं जेट कोणतं? (वाचक, नेरुळ)

3 डिसेंबर 1945 रोजी एरिक ब्राउन यांनी डी हॅविलँड व्हँपायर ब्रिटिश जहाज ‘ओशन’वर उतरवलं. अमेरिकी बाजूला मॅकडॉनेलचं फँटम 21 जुलै 1946 रोजी ‘फ्रँकलिन डी. रूझवेल्ट’वरून उडालं. हे फँटम पुढच्या प्रसिद्ध एफ-4 फँटमहून पूर्ण वेगळं, सरळ पंखांचं छोटं विमान आहे. किट मागवताना खोक्यावर ‘एफएच-1’ लिहिलेलं आहे ना, हे तपासून घ्या.