टॉन्सिलच्या ऑपरेशनला घाबरण्यापेक्षा पहिली रात्र आणि पाचवा ते दहावा दिवस सांभाळा

पाच वर्षांचा मुलगा, वजन १६ किलो, झोपेत घोरताना श्वास अडकतो, स्लीप स्टडीत (रात्रभर झोपेतला श्वास मोजणारी तपासणी) एएचआय, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास अडकतो किंवा उथळ होतो तो आकडा, १२, टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकामागची तशीच गाठ) दोन्ही काढायला सांगितलंय, आणि घरचे म्हणतायत प्रतिकारशक्ती जाईल. तुमचा प्रश्न एवढाच आहे ना?

प्रतिकारशक्तीचं आधी. घशात आणि इतरत्र तेच काम करणारे लसिकापेशींचे पुंजके भरपूर असतात, त्यामुळे रोजच्या आजारपणात जाणवेल असा फरक पडत नाही. त्यावर ऑपरेशन अडवू नका.

गुण किती येतो? अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेला 'चॅट' अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सात महिन्यांनी, ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी नॉर्मल आली. नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्क्यांची आली, म्हणून सौम्य त्रासात थांबणं चुकीचं नसतं. वागणूक, झोप, दिवसाची चिडचिड यांत ऑपरेशनवाली मुलं स्पष्ट पुढे होती. एकाग्रतेच्या चाचण्यांत मात्र फरक पडला नाही. तेव्हा 'अभ्यासात हुशार होईल' या आशेवर निर्णय घेऊ नका. तुमच्याकडे एएचआय १० च्या वर, म्हणजे तीव्र. इथे मी थांबणार नाही.

पण एएचआय १० च्या वर असेल किंवा मूल तीन वर्षांखालचं असेल, तर संध्याकाळी घरी सोडायचं नाही. घसा सुजलेला, भुलीचा अंमल पूर्ण उतरलेला नाही, आणि अशा मुलांना मॉर्फिनच्या जातीची औषधं नेहमीच्या डोसातही जड जातात. रात्रभर ऑक्सिजनचा प्रोब बोटाला हवा. स्लीप स्टडीचा रिपोर्ट सर्जनसोबत भूलतज्ज्ञांनाही स्वतः दाखवा. बऱ्याचदा तो फाइलमध्येच राहतो. ताप-खोकला असेल तर तारीख पुढे ढकला.

वेदनेसाठी कोडीन आणि ट्रॅमाडॉल नाही. काही मुलांचं यकृत ती इतक्या झपाट्याने बदलतं की श्वास मंदावतो. मृत्यूही झाले आहेत. निमेसुलाइड भारतात २०११ पासून १२ वर्षांखाली बंद आहे. पॅरासिटॅमॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे याला २४० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. गोंधळ होतो तो बाटलीत: ५ मिलिमध्ये १२० असेल तर १० मिलि, २५० असेल तर जेमतेम ५ मिलि. लेबल वाचल्याशिवाय चमचा भरू नका. सोबत सर्दीचं सिरप देऊ नका, त्यातही बहुधा पॅरासिटॅमॉल असतंच. आयबुप्रोफेन चालतं, पण डॉक्टरांना विचारून. पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून द्या, रात्री उठवूनसुद्धा. दुखतंय म्हणून मूल पाणी पीत नाही, घसा कोरडा पडतो आणि मग जास्तच दुखतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढतं, कान ठणकतो, तोंडाला वास येतो, घशात पांढरट-पिवळा थर दिसतो. तो पू नव्हे, खपली आहे. अँटिबायोटिकसाठी धावू नका. आठ-दहा तास लघवी झाली नाही तर मात्र जा.

खपली सुटते पाचव्या ते दहाव्या दिवसात, आणि रक्तस्राव होतो तो बहुतेक तेव्हाच. शंभरात दोन ते पाच मुलांना होतो. झोपेत मूल सारखं घोट गिळत असेल तर टॉर्च लावून घसा बघा. गिळलेलं रक्त कॉफीच्या चोथ्यासारखं उलटून पडतं. थुंकीत पुसटशी रेघ असेल तर डॉक्टरांना फोन करा. लाल रक्त येत असेल तर बसवा, पुढे वाकवा, थुंकू द्या, तोंडाने काही देऊ नका आणि थेट ईएनटी सर्जन व ऑपरेशन थिएटर असलेल्या हॉस्पिटलात न्या. 'थांबलं वाटतंय' म्हणून घरी बसू नका, छोट्या रक्तस्रावामागून मोठा येऊ शकतो. म्हणूनच दोन आठवडे गावी जाणं नको.

घोरणं पुढे दोन-तीन महिन्यांनीही राहिलं तर पुन्हा स्लीप स्टडी करा. लठ्ठ मुलं, डाउन सिंड्रोम, सुरुवातीचा एएचआय खूप मोठा, या तिघांत अर्धवट गुण येण्याचं प्रमाण जास्त; तिथे घोरणं थांबलेलं दिसलं तरी तपासणी करावीच.