तिसऱ्या घंटेनंतर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नाटक, मैफल आणि चित्रपट यांच्या प्रेक्षकांनी कसे वागावे, याविषयीचे प्रश्न पाठवावेत असे आवाहन या सदरातून केले होते. सर्वाधिक पत्रे मोबाइलविषयी आली, म्हणून आरंभ तिथूनच करणे भाग आहे.

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही उभयता एका नाटकाला गेलो होतो. पुढच्या रांगेतील गृहस्थ पहिला अंकभर मोबाइलवर निरोप वाचत होते आणि त्या पडद्याचा उजेड सतत आमच्या डोळ्यांवर येत होता. मी हळूच विनंती केली, तेव्हा ‘फोन सायलेंटवर आहे, तुम्हाला कसला त्रास?’ असे उत्तर मिळाले. यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.
— एक ज्येष्ठ नागरिक, ठाणे

उत्तर : फोनचा त्रास फक्त कानांना होतो, अशी त्या गृहस्थांची समजूत दिसते. माणसाचे डोळे काळोखाला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि ही कमाई एका प्रखर झोताने क्षणात वाया जाते. प्रकाशयोजनाकाराने एखादा प्रसंग मुद्दाम निळसर, मंद उजेडात बेतलेला असतो, नटाचा नुसता हात हलताना दिसावा इतकाच. अशा वेळी पुढच्या रांगेत पेटलेला फोन म्हणजे त्या प्रसंगावर लावलेली ट्यूबलाइटच होय. रंगमंचावरून पाहिले तर हा प्रकार अधिकच टोचतो. नटाला समोरचे प्रेक्षागृह म्हणजे काळोखाचा एक पट्टा दिसतो. त्यात हनुवटीखालून उजळलेला एखादा चेहरा लगेच उठून दिसतो, आणि तो चेहरा आपल्याकडे पाहत नाही हेही त्याला त्याच क्षणी कळते. सायलेंटवर ठेवलेल्या फोनची थरथरही मुकी नसते. खुर्चीच्या लाकडी हातावर किंवा चाव्यांच्या जुडग्याशेजारी तो थरथरू लागला, की चार रांगांपर्यंत भुंगा ऐकू येतो.

आपण एकदा विनंती केलीत, हे योग्यच झाले. तेवढ्यावर थांबलात, हे त्याहून योग्य झाले, कारण अंक चालू असताना वाद वाढवला तर एका फोनऐवजी दोन माणसांचा व्यत्यय होतो. मध्यंतरात द्वारपालाला किंवा नाटकाच्या व्यवस्थापकांना रांग आणि आसन क्रमांक सांगावा. व्यावसायिक नाटकाचे व्यवस्थापक बहुधा तिकीट खिडकीच्या आसपासच असतात आणि हे काम ते आपल्यापेक्षा सराईतपणे करतात. २०१९ मध्ये अभिनेते सुबोध भावे यांनी या त्रासाला कंटाळून जाहीरपणे लिहिले होते आणि त्याच सुमारास नाट्यगृहांत मोबाइलचे संकेत अडवणारे जॅमर बसवण्याची मागणीही जोर धरू लागली होती. मात्र जॅमर वापरायला केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि प्रेक्षागृहात एखादे डॉक्टर असतात, घरी कोणी आजारी असलेले असतात, त्यामुळे हा उपाय दिसतो तितका सोपा नाही. ज्यांना फोन चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी रांगेच्या कडेचे आसन मागून घ्यावे, फोन खिशात ठेवावा आणि आलाच तर बाहेर जाऊन बोलावे. बाकीच्यांनी फोन बंद करावा. अडीच तासांत जगाचे फारसे बिघडत नाही.

प्रश्न : वाहतूक कोंडीमुळे आम्ही नाटकाला दहा मिनिटे उशिरा पोहोचलो. द्वारपालाने रंगमंचावरचा चालू प्रवेश संपेपर्यंत दाराशीच थांबवून ठेवले. पाचशे रुपयांचे तिकीट काढल्यावर हा अपमान नव्हे काय?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : नव्हे. द्वारपाल आपल्याला थांबवत होता तो आत बसलेल्यांच्या वतीने, आणि त्यांनीही तिकिटेच काढली होती. मराठी नाटकाला तीन घंटा होतात त्या याचसाठी : पहिली घंटा झाली की चहा संपवावा, दुसरी झाली की जागा शोधावी आणि तिसरीला बसलेले असावे.

हे मी साळसूदपणे लिहीत असलो, तरी स्वतः एकदा तिसऱ्या घंटेनंतर पाच मिनिटांनी आत शिरलो होतो. त्या नाट्यगृहात मला कोणी अडवले नाही. रांगेच्या मधोमध असलेल्या माझ्या आसनाकडे जाताना एका बाईंच्या पायावर पाय पडला, ‘आई गं’ हे शब्द निघाले आणि ते नेमके रंगमंचावरच्या शांततेत पडले. प्रेक्षक हसले, नायिका त्या वेळी रडत होती. तेव्हापासून मला अडवणाऱ्या द्वारपालाविषयी आदर वाटतो. उशीर झालाच, तर अंधारातले दृश्यांतर होईपर्यंत मागे उभे राहावे, रिकामी मिळेल ती कडेची खुर्ची धरावी आणि आपली जागा मध्यंतरात घ्यावी.

प्रश्न : माझे वय २६ आहे. शास्त्रीय संगीतातले मला फार कळत नाही, परंतु या वर्षी मित्रांबरोबर सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जायचे ठरवले आहे. टाळ्या केव्हा वाजवाव्यात, ‘वाह’ केव्हा म्हणावे, मधेच उठावे की नाही, या भीतीने जाण्याआधीच घाम फुटला आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : भीती सोडावी. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या या महोत्सवात प्रत्येक पिढीचे अनेक श्रोते आपल्यासारखेच काही न कळता पहिल्यांदा येऊन बसले आणि ऐकता ऐकता जाणते झाले.

नवख्या श्रोत्याने एवढेच ध्यानात ठेवावे, की मैफलीत दाद ठरलेल्या वेळी द्यायची नसते, पण ती भलत्या वेळीही देता येत नाही. गायक तालाच्या आवर्तनात फिरत असतो. तीनतालाच्या १६ किंवा एकतालाच्या १२ मात्रा (तालाचे ठोके) पुऱ्या करून तो पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, परत येतो. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीच्या, ख्यालात असे एक आवर्तन मिनिटभरही चालू शकते. इतका वेळ ताणून धरलेला स्वर बंदिशीच्या मुखड्यासह, म्हणजे तिच्या पहिल्या ओळीच्या सुरुवातीसह, नेमका समेवर येऊन टेकतो, तेव्हा जाणकारांच्या माना एकदम हलतात आणि ‘वाह’ आपोआप निघून जाते. आपल्याला मात्रा मोजता येत नसतील, तर तबल्याकडे आणि शेजारच्या वयस्कर श्रोत्याच्या मांडीवरच्या बोटांकडे लक्ष ठेवावे. दुसऱ्या दिवसापर्यंत सम कळू लागते. याउलट काही उत्साही मंडळी स्वर लागण्याच्या आधीच ‘क्या बात है’ म्हणून मोकळी होतात. ही दाद नसून उपस्थितीची नोंद असते.

आलापी, म्हणजे रागाचा संथ स्वरविस्तार, चालू असताना टाळ्या वाजवू नयेत. तबल्याच्या ठेक्याबरोबर टाळीचा ताल धरणे तर कटाक्षाने टाळावे, कारण हजारो हातांची टाळी हळूहळू लय पुढे ढकलते आणि कलावंताला आपल्याच श्रोत्यांशी झुंजावे लागते. तानपुरे जुळवले जात असतात, त्या वेळेला पुष्कळ लोक मध्यंतर समजतात आणि गप्पांना बसतात. वास्तविक तेव्हाच सर्वाधिक शांतता हवी, कारण गायकाला जोडीच्या तारांतला अगदी बारीक फरक ऐकायचा असतो. उठायचे असेल तर एक राग संपून दुसरा सुरू होण्याच्या आधी उठावे. संथ लयीचा बडा ख्याल संपताच द्रुत लयीच्या छोट्या ख्यालाच्या आरंभी उठणे, म्हणजे जेवणात पहिला भात संपताच पान सोडण्यासारखे आहे. मैफलीची सांगता करणारी भैरवी सुरू झाल्यावर तर चपला शोधू नयेत. तिथपर्यंत बसलोच आहोत, तर आणखी थोडा वेळ पार्किंगचा विचार बाजूला ठेवता येतो.

बैठक भारतीय असेल तर पाय मंचाच्या दिशेने पसरू नयेत. गुडघे दुखत असतील तर खुर्चीचे तिकीट काढण्यात कमीपणा नाही. सकाळीच सतरंजी अंथरून दहा नातेवाइकांची जागा राखून ठेवणे, हा मात्र पुणेरी पराक्रम असला तरी अनुकरणीय नव्हे. फर्माईशीची चिठ्ठी पाठवण्याचा मोह होईल. ख्याल रंगात असताना अभंगाची चिठ्ठी पुढे सरकवणे मला व्यक्तिशः असभ्य वाटते. कलावंताने स्वतः विचारले तरच ती द्यावी. आणि हो, खाण्याच्या स्टॉलवर काढलेला वेळ वाया गेला असे समजू नये; मैफलीविषयीची काही चोख मते मी तिथेच ऐकली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला घरी ठेवायला कोणी नाही. तिला घेऊन नाटकाला जावे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बालनाट्याला अवश्य न्यावे. तिथे मुलांनी राक्षसाला ओरडून दम देणे अपेक्षितच असते आणि गप्प बसलेले मूल पाहून नटांनाच काळजी वाटते. मोठ्यांच्या गंभीर नाटकाला मात्र नेऊ नये. यात दोष मुलीचा नाही. दोन अंक अंधारात न बोलता बसणे हे चार वर्षांच्या मुलाचे काम नव्हे. काही नाट्यगृहांत मागच्या बाजूला काचेची ‘क्राय रूम’, म्हणजे रडणाऱ्या मुलांना घेऊन बसण्याची खोली, असते, तिकीट काढतानाच तिची चौकशी करावी. चित्रपटाला जाताना प्रमाणपत्र पाहावे. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या, वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे केले आहेत. तान्ह्या बाळासाठी बेताचे खाणे चित्रपटगृहात नेण्यास हरकत नसावी, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये म्हटले आहे.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरकर नायकाच्या एंट्रीला शिट्टी वाजवणारच. हल्ली मल्टिप्लेक्समध्ये लोक वळून पाहतात. आमचे चुकते काय? आणि त्या क्षणाचा व्हिडिओ काढला तर बिघडले कुठे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शिट्टीत माझ्या मते काही चुकत नाही. शांत बसणे हीच एकमेव सभ्यता, ही समजूत आपल्या मातीतली नाही. लावणीच्या फडात शिट्टी आणि उडालेला फेटा हीच पावती असते. सिंधुदुर्गात देवळाच्या आवारात रात्रभर चालणाऱ्या दशावतारात प्रेक्षक येतात, उठतात, चहा घेऊन पुन्हा बसतात, डुलकीही काढतात आणि त्यात कोणाचाही अवमान होत नाही. संगीत नाटकांच्या बहराच्या काळात, विशेषतः बालगंधर्वांच्या पदांना, इतके ‘वन्स मोअर’ मिळत की प्रयोग पहाटेपर्यंत लांबत असे. प्रसंग शोकाचा असला तरी पद पुन्हा म्हटले जाई. प्रत्येक खेळाची अशी आपापली रीत असते. तेव्हा पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, एंट्रीच्या क्षणी शिट्टी खुशाल वाजवावी. त्यानंतरचा संवाद मात्र इतरांना ऐकू द्यावा. कौटुंबिक चित्रपटाच्या दुपारच्या खेळाला बारा माणसे बसलेली असताना तीच शिट्टी वेगळी ऐकू येते, हे आपल्यालाही ठाऊक असणार.

व्हिडिओचे उत्तर सरळ आहे : काढू नये. चित्रपटगृहात पडद्यावरील चित्रपटाचे विनापरवाना चित्रण करणे, किंवा तसा प्रयत्नही करणे, हा सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा असून त्यासाठी ३ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि किमान ३ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. नाटकाच्या बाबतीत कॉपीराइट कायद्याने, १९९४ च्या दुरुस्तीपासून, कलावंताला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क दिलेला आहे. त्याच्या संमतीविना प्रयोगाचे तुकडे समाजमाध्यमांवर टाकणे हा त्या हक्काचा भंग ठरू शकतो. शिवाय रहस्यनाट्याचा शेवट कोणी अर्ध्या मिनिटात फोडला, तर पुढच्या प्रयोगाची खुर्ची रिकामी राहते आणि ती भरून देणारे कोणी नसते.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ८१ आहे. नाटक हा त्यांचा जीव की प्राण, परंतु त्यांना ऐकू कमी येते. ‘काय म्हणाला गं तो?’ असे त्या मोठ्याने विचारतात आणि मी कानाशी लागून संवाद सांगते. मागच्या वेळी मागून दोनदा ‘शूऽऽ’ झाले. आता त्याच नको म्हणतात. मला फार वाईट वाटते.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘शूऽऽ’ करणाऱ्यांनी आधी पुढच्या खुर्चीवरचे पांढरे केस पाहिले असते, तर बरे झाले असते. आपण दोघींनी नाटक सोडू नये. तयारी थोडी बदलावी. तिकीट लवकर काढून पहिल्या तीन-चार रांगांतील मधली आसने घ्यावीत, कारण तिथून नटांचे ओठ दिसतात आणि कमी ऐकू येणारी माणसे ऐकण्याइतकेच ओठांवरूनही समजून घेत असतात. संहिता पुस्तकरूपाने मिळत असेल तर आठवडाभर आधी घरी वाचून दाखवावी. जुन्या गाजलेल्या नाटकांच्या बाबतीत हे सहज जमते आणि सासूबाईंनी ते नाटक मूळ संचात पाहिलेले असेल, तर वाचन आपल्याकडून त्यांच्याकडे कधी गेले हे कळणारही नाही. श्रवणयंत्र नीट बसलेले आहे ना, हे आत शिरण्यापूर्वी तपासावे. सैल बसलेले यंत्र बारीक शिटी घालते. ती शेजाऱ्यांना ऐकू येते आणि नेमकी वापरणाऱ्यालाच येत नाही.

आसनावर बसताना पुढच्या-मागच्या शेजाऱ्यांना दोन शब्दांत कल्पना देऊन ठेवावी. आधी सांगितले की बहुतेक माणसे समजून घेतात, क्वचित आपली बरी जागाही देऊ करतात. चालू अंकात सासूबाईंनी विचारलेच, तर हात दाबून ‘नंतर सांगते’ अशी खूण ठरवून घ्यावी. मध्यंतरात दोघींनी खुर्चीवरच बसावे, बटाटावडा कोणाकडून तरी मागवून घ्यावा आणि पहिल्या अंकात निसटलेले सगळे संवाद त्या दहा मिनिटांत, हव्या तेवढ्या मोठ्या आवाजात, सांगून टाकावेत.