थवा, माळ, शाळा, धाड: पाखरांच्या समूहाला काय म्हणावे?

इंग्रजी बालकथेचे मराठी रूपांतर करताना ‘मर्डर ऑफ क्रोज’ (कावळ्यांचा थवा) आणि ‘मर्मरेशन ऑफ स्टार्लिंग्ज’ (स्टार्लिंग या साळुंकीच्या कुळातल्या पाखरांचा थवा) यांना काय म्हणावे, मराठीत ‘थवा’ सोडून शब्दच नाहीत का, असा प्रश्न आला आहे.

आहेत, आणि फार सुंदर आहेत. इंग्रजीतली अशी बरीच नावे शिकारी उमरावांच्या याद्यांतून आली. १४८६ साली छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’मध्ये तशी लांबलचक यादीच आहे. तिथे पक्ष्याची जात बदलली की शब्द बदलतो. मराठीत मात्र पाखरे त्या घडीला काय करताहेत, ते पाहून शब्द येतो.

बगळेच घ्या. संध्याकाळी ओळीने परतू लागले की ती बगळ्यांची माळ. कल्पना जुनी आहे. मेघदूतात कालिदासाच्या बलाकाही (बगळ्याही) ‘आबद्धमाला’, म्हणजे माळ बांधून, मेघाच्या भेटीला येतात. तेच बगळे नांगरामागे किडे टिपत चालले, तर त्यांना कोणी माळ म्हणत नाही. विणीच्या काळात झाडावर त्यांची वसाहत झाली की तिच्यासाठी वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींनी दिलेला ‘सारंगागार’ हा शब्द आहे, आणि कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’. नवेगावबांध-नागझिऱ्याच्या रानात राहिलेल्या माणसाचे हे शब्द अधिक वापरात यायला हवेत. मुलांच्या गोष्टीत मात्र ते जड होतील.

थवा खरा उडत्या पाखरांचा. जमिनीवर चरणाऱ्या बदकांना किंवा लांडोरींना माझ्या कानाला ‘कळप’च बरा वाटतो. ज्वारीवर उतरणाऱ्या पाखरांची धाड पडते. सातभाईंना तर वेगळा शब्दच नको, कारण ते टोळीने राहतात हे नावातच आले.

आता तुमचे कावळे. संध्याकाळी झाडावर जमून कलकलाट करत असतील तर बेलाशक ‘कावळ्यांची शाळा’ लिहा. ‘मर्डर’मधला खून आणायचा मोह टाळा, मराठी मुलाला त्यातून काहीच कळणार नाही.

स्टार्लिंगच्या जागी भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, घेता येतील. त्या एकाच कुळातल्या, आणि हिवाळ्यात आपल्या ज्वारीच्या पट्ट्यात त्यांचे प्रचंड थवे येतात. रातथाऱ्याला, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला, उतरण्याआधी तो सगळा थवा आकाशात आक्रसतो, ताणतो, एकदम वळतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी कुजबुजीसारखा आवाज आहे. मी ‘भोरड्यांचा कल्लोळ’ सुचवेन. संस्कृतात कल्लोल म्हणजे मोठी लाट, मराठीत कल्लोळ म्हणजे गलबला, आणि भोरड्यांच्या त्या उडण्यात दोन्ही असते. शब्द नवा वाटला तर पहिल्यांदा ‘भोरड्यांचा थवा’ लिहून पुढच्याच वाक्यात ‘कल्लोळ’ आणा, म्हणजे मुलांना तो आपोआप उमजेल.