प्लॅनर गाठू का, असं विचारलंस म्हणून

अगं,

परवा फोनवर तू विचारलंस, "फायनान्शियल प्लॅनर गाठू का?" आणि मी "लिहून कळवते" म्हणत वेळ मारून नेली. त्या प्रश्नाच्या पोटात आणखी दोन प्रश्न आहेत, ते घाईत उरकण्यातले नव्हते. तुला नेमकं काय विचारायचंय? आणि उत्तर देणाऱ्याचं घर कशावर चालतं?

दुसरा आधी घेते, कारण माझे हात तिथेच पोळलेत.

तुझ्याएवढी होते तेव्हा एक फार गोड बोलणारे गृहस्थ भेटले. सल्ला फुकट. पगार किती, पुढे काय करायचंय, सगळं आस्थेने विचारलं आणि शेवटी माझ्यापुढे एक अर्ज सरकवला. विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली, वीस वर्षांची पॉलिसी. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या आधीच मारलेल्या. तिसऱ्या वर्षी मला हप्ते झेपेनात. पॉलिसी मोडली तेव्हा भरलेल्यातले निम्मेसुद्धा हातात आले नाहीत. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला बराच भाग कमिशनमध्ये गेला होता, हे नंतर कळलं. त्यांनी मला फसवलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बारीक अक्षरात का होईना, सगळं छापलेलं होतं. ते विक्रेते होते आणि मी त्यांना सल्लागार समजून बसले होते.

ब्रिटनने २०१२ संपताना गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचं नवं कमिशन बंद केलं. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये तीच वाट धरली. बऱ्याच ठिकाणी मात्र ते अजून सुखाने नांदतंय. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचं, "तुम्हाला या कामाचे पैसे माझ्याखेरीज आणखी कोण देतं?" आणि उत्तर लेखी मागायचं. सरळ माणूस यावर रागावत नाही. कोणी रागावलंच, तर आपला वेळ वाचला.

फी घेणाऱ्यांतही प्रकार आहेत. कोणी तासाचे घेतं, कोणी पूर्ण आराखड्याची एक ठरलेली रक्कम, तर कोणी तुझ्या एकूण गुंतवणुकीवर दर वर्षी टक्का. टक्का ऐकायला चिमुकला वाटतो, म्हणून एकदा हिशेब करून बघ. वर्षाला ८ टक्क्यांनी वाढणारे १०० तीस वर्षांत साधारण १,००६ होतात. दर वर्षी एक टक्का फीत गेला आणि वाढ ७ टक्क्यांवर आली, तर ७६१. जवळजवळ पाव हिस्सा गेला! तो टक्का नेहमीच वाया जातो असं मी म्हणणार नाही. बाजार कोसळला की रात्री झोप उडून सकाळी सगळं विकायला निघणारी माणसं मी पाहिली आहेत. अशाला कोणी "आठ दिवस थांब" म्हणून धरून ठेवलं, तर एवढ्यातच बरीच फी वसूल होते. तू त्या जातीची आहेस का, हे तुलाच ठाऊक.

आता पहिला प्रश्न. एक कोरा कागद घे. दरमहा काय येतं, काय जातं, कर्ज किती आणि कुठल्या व्याजाने, आपल्या कमाईवर कोण अवलंबून आहे, शिल्लक कुठे कुठे पडली आहे. एवढं लिहिताना निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी आधी फेडायची, काही महिन्यांचा खर्च हाताशी ठेवायचा, कोणी आपल्यावर अवलंबून असेल तर साधा मुदत विमा (नुसता विमा, गुंतवणूक नाही) घ्यायचा. एवढ्यासाठी कोणाला फी कशाला द्यायची?

फी द्यावी ती जिथे चूक एकदाच होते आणि निस्तरायला वर्षं उरत नाहीत तिथे. वारसाहक्क, घटस्फोटातली वाटणी, धंदा विकणं, दोन देशांतला कर. किंवा निवृत्ती: साठलेल्यातून दर वर्षी किती काढायचे? हे वाटतं त्याहून अवघड आहे. दोघांना सरासरी परतावा अगदी सारखा मिळाला, तरी ज्याच्या निवृत्तीची पहिली दोन-तीन वर्षं पडत्या बाजारात गेली आणि त्यातूनच घरखर्च काढावा लागला, त्याची पुंजी आधी आटते. हे गणित मी स्वतः मांडायला बसले होते. दोन रविवार घालवले, मग मुकाट्याने तासाची फी मोजली.

आणि एक. सल्ला देणारा आणि पैसे सांभाळणारा एकच नसावा. अमेरिकेत लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या बर्नार्ड मॅडॉफच्या गुंतवणूकदारांना खात्याचे उतारे अगदी वेळच्या वेळी मिळायचे. डिसेंबर २००८ मध्ये त्याला अटक झाली आणि कळलं, त्यातले व्यवहार झालेच नव्हते. उतारे छापणाराही तोच आणि पैसे ठेवणाराही तोच. तेव्हा पैसे कधीही सल्लागाराच्या नावाने द्यायचे नाहीत, खातं तुझ्या नावावर, पासवर्ड तुझ्याकडे, आणि उतारा थेट जिथे पैसे आहेत तिथून यायला हवा.

तुझ्यापुरतं विचारशील तर वर्षभराचा प्लॅनर तुला आत्ता नको. पण बाबांच्या नावावरचं आता तुझ्या आणि भावाच्या नावावर यायचंय, त्यासाठी तासाची फी घेणारा कोणीतरी एकदा गाठ, आणि जाताना भावालाही सोबत ने. त्याच्या पाठीमागे, त्याला न सांगता ठरवलंस तर उद्या दहा शंका. जायच्या आधी तो कागद मला पाठव. आकडे खोडलेस तरी चालेल, मला फक्त तुझे प्रश्न वाचायचे आहेत.

तुझी,
ताई