गरम, सुजलेला, पण फारसा न दुखणारा पाय

नवीन ओपीडी सुरू केलीस, बरं झालं. एक पाय मात्र डोक्यात पक्का ठेव: शार्को फूट, म्हणजे नसा बधिर झाल्यामुळे पावलाची हाडं-सांधे नकळत खचत जाणं. दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह, एकच पाऊल सुजलेलं, लालसर, हाताला गरम. आणि पेशंट मात्र चालत आलेला! म्हणतो, "दुखत नाही हो फारसं, बूट चढत नाही एवढंच."

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत असाच एक पाय मी सेल्युलायटिस (त्वचेचा आणि तिच्याखालचा जंतुसंसर्ग) समजून दोन आठवडे अँटिबायोटिकवर ठेवला. एक्स-रे नॉर्मल होता ना! माणूस शेतात जातच राहिला. दोन महिन्यांनी पावलाची कमान खचून तळवा होडीच्या बुडासारखा झाला. तो शार्को फूट होता. सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो. शंका असेल तर एमआरआय कर.

पेशंटला झोपवून पाय पाच-दहा मिनिटं उंच धर. शार्कोतली लाली बरीचशी उतरते, जंतुसंसर्गातली सहसा टिकते. जखम असेल तर मात्र या युक्तीवर विसंबू नकोस. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का ते तपासायचा नायलॉनचा धागा) लाव, नाडी बघ, दोन्ही पायांचं तापमान मोज. दोन अंश सेल्सियसचा फरक म्हणजे धोक्याची घंटा.

औषध दुय्यम; पावलावरचा भार काढणं हाच उपचार. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला सगळीकडून चिकटून बसणारं प्लास्टर) घाल, पण सूज उतरली की तो सैल होऊन घासतो, म्हणून पहिल्यांदा तीन दिवसांत बदल, मग दर आठवड्याला. हे महिनोन् महिने चालतं. हे घरच्यांनाही समोर बसवून सांग, नाहीतर पेशंट घरीच प्लास्टर कापून मोकळा होतो.