कोण कोणाच्या हाताखाली, हे रिपोर्टमध्ये कसं दाखवू?

प्रश्न: मी एचआरमध्ये आहे, पॉवर बीआय (डेटाचे रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) नुकतंच शिकतेय. टेबलात कर्मचारी नंबर, नाव आणि मॅनेजरचा नंबर एवढंच आहे. साहेबांना वरच्या नावावर क्लिक केलं की खालची माणसं उघडत जाणारा रिपोर्ट हवाय, आणि कोणाखाली किती जण तेही. नमुन्याच्या वीस ओळींवर जमलं, फक्त नावांखाली रिकाम्या ओळी आल्या, पण पूर्ण डेटावर पाथ (PATH, वरपासून खालपर्यंत मॅनेजरांची साखळी देणारं) फंक्शन एरर देतं की मॅनेजरचा अमुक नंबर सापडत नाही. काय करू?

उत्तर: ताई, तो एरर खरं तेच सांगतोय, त्याला दाबू नका. बहुतेक तो मॅनेजर नोकरी सोडून गेला, त्याची ओळ काढली गेली, पण त्याच्या माणसांपुढे नंबर त्याचाच राहिला. त्या माणसांची रजा सध्या कोण मंजूर करतं ते विचारा आणि त्याचा नंबर टाका, अंदाजाने कोणालाही कोणाच्या हाताखाली घालू नका, माणसांना ते लागतं. सगळ्यात वरच्या साहेबांच्या ओळीत मॅनेजरच्या नंबरचा रकाना रिकामा ठेवा, आणि दोन्ही नंबरांचे कॉलम एकाच टाइपचे हवेत.

मग पाथ तुम्हाला १|७|२३ असं देईल, म्हणजे २३ चा मॅनेजर ७, ७ चा १. पाथआयटम (PATHITEM) फंक्शनने त्यातला एकेक नंबर काढायचा, लुकअपव्हॅल्यूने (LOOKUPVALUE) त्याचं नाव आणायचं, असे लेव्हल १, लेव्हल २ कॉलम करून त्यांची हायरार्की (वरून खाली उतरंड) मॅट्रिक्समध्ये, म्हणजे ओळी उघडत जाणाऱ्या तक्त्यात, टाकायची. किती लेव्हल लागतील ते पाथलेन्थचा (PATHLENGTH, साखळीत किती नंबर आहेत ते) मॅक्स बघून ठरवा पण एखादी जास्तच ठेवा, कारण उद्या मध्ये नवीन पोस्ट आली तर कॉलम आपोआप वाढत नाहीत आणि तळाची माणसं दिसेनाशी होतात.

रिकाम्या ओळी येतात कारण ७ नंबरला लेव्हल ३ च नाही, तरी मॅट्रिक्स ती उघडून दाखवतं. इझइनस्कोपने (ISINSCOPE, ओळ कुठल्या लेव्हलवर आहे ते सांगणारं फंक्शन) आपण किती खोल उघडलंय ते मोजा, आणि ते त्या ओळीतल्या पाथलेन्थच्या मॅक्सपेक्षा जास्त झालं की मेझरने (आकडा काढणाऱ्या सूत्राने) ब्लँक द्यायचं, ओळ जाते. हाताखालचे मोजताना एक वजा करा बरं का, त्या आकड्यात तो माणूस स्वतःही असतो.

आणि याच टेबलाला पुढे पगार जोडणार असाल तर रिपोर्ट शेअर करायच्या आधी रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात याचा नियम) लावा, त्यात पाथकंटेन्स (PATHCONTAINS, साखळीत बघणाऱ्याचा नंबर आहे का ते तपासणारं) वापरलं की ज्याला त्याला फक्त स्वतःची आणि आपल्या खालचीच माणसं दिसतात.