वाचकांचे प्रश्न : फ्रीकॅडची दुरुस्ती, अपडेट आणि बग

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप (ओतकामासाठी लागणारे नमुने बनवण्याचं) आहे. पंपाच्या बॉडीची मॉडेल्स फ्रीकॅड या थ्रीडी डिझाइनच्या मोफत सॉफ्टवेअरच्या ०.२१ आवृत्तीत केलीत. स्केचमधलं (मॉडेलच्या मूळ सपाट आकृतीतलं) एक माप बदललं की फिलेट, म्हणजे कडेला दिलेली गोलाई, भलत्याच कडेवर जातं. १.० आवृत्ती घ्यावी का? हातातल्या ऑर्डरी अडकायला नकोत.

उत्तर : घ्या, पण हातातली ऑर्डर जुन्या आवृत्तीतच पुरी करा. जुनं फ्रीकॅड कडांना नुसते क्रमांक देत होतं. तुम्ही एक बॉस (गोल उंचवटा) वाढवला की क्रमांक नव्याने पडतात, फिलेट मात्र जुनाच ‘कड ७’ धरून बसतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० पासून कड कोणत्या स्केचमधून, कोणत्या क्रियेतून तयार झाली याचा माग ठेवला जातो, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी झालाय. पूर्ण गेलेला नाही.

फाईलची प्रत काढा, ती १.० मध्ये उघडून रीकम्प्यूट करा (मॉडेल नव्याने तयार होऊ द्या) आणि एकेक फिलेट डोळ्याखालून घाला. आधीच चुकीच्या कडेवर गेलेलं फिलेट आपोआप जागेवर येत नाही, कारण तुम्हाला कोणती कड हवी होती हे फाईलला ठाऊकच नसतं. १.० मध्ये सेव्ह केलेली फाईल ०.२१ मध्ये धड उघडेलच असं नाही, म्हणून मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये असू द्या.

पुढे अपडेट घेताना तिसरा आकडा बघा. १.०.१ आणि १.०.२ या दुरुस्तीच्या आवृत्त्या आहेत, त्या निर्धास्त घ्याव्यात. दुसरा आकडा बदलला तर नव्या सोयी आल्या असं समजा आणि आधी दोन-तीन जुन्या फाईलींवर चालवून पाहा.

नवीन मॉडेल करताना फिलेट आणि ड्राफ्ट (बाजूंचा उतार) शेवटी द्या. स्केच कास्टिंगच्या फेसवर न टेकवता मूळ प्लेनवर किंवा डेटम प्लेनवर (आपण आखलेल्या संदर्भ-पातळीवर) घ्या. १.० आलं तरी ही सवय सोडू नका.

एक गोष्ट मात्र अपडेटने सुटणार नाही. ५ मिमी जाडीच्या रिबला (आधाराच्या पट्टीला) दोन्ही बाजूंनी २.५ मिमी फिलेट दिलं की मधली सपाट जागाच उरत नाही आणि फिलेट फेल होतं. २.४९ द्या, बहुतेक वेळा होतं. भूमितीचं हे काम ओपन कॅस्केड नावाचा वेगळा प्रकल्प करतो, त्यामुळे अशा तक्रारी फ्रीकॅडच्या लोकांच्या हातात पूर्णपणे नसतात.

प्रश्न : बग सापडला तर तो कळवायचा कसा? कळवल्यावर कुणी बघतं का? (राजारामपुरी)

उत्तर : बघतात, पण तुमच्या फाईलवर तो बग त्यांना स्वतः घडवता आला तरच. आधी हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे बग नाहीसा झाला तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या अॅडऑनमध्ये आहे. तरीही राहिला तर मॉडेल कापत कापत एक स्केच, एक पॅड (स्केचला दिलेली जाडी), एक फिलेट इतकं लहान करा. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग जोडू नका. अबाउट फ्रीकॅडमधली माहिती कॉपी करा, रिपोर्ट व्ह्यूमधला लाल मजकूर घ्या, आणि काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं हे गिटहबवर (फ्रीकॅडचा कोड आणि बगच्या नोंदी असतात त्या साइटवर) साध्या इंग्रजीत लिहा. एका नोंदीत एकच बग. तोच बग आधी कुणी नोंदवलाय का तेही शोधून घ्या.

‘आधीच्या आवृत्तीत चालत होतं’ हे वाक्य असेल तर जरूर लिहा, त्याचं मोल फार आहे. दोन आवृत्त्यांमध्ये १००० बदल झाले असले, तरी गिट बायसेक्ट हे कोडमधले बदल तपासायचं साधन दर वेळी निम्मे बाजूला काढत साधारण १० चाचण्यांत बिघडवणारा बदल दाखवतं. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत (पुढच्या आवृत्तीच्या कोडमध्ये) जाते. लहान आणि निर्धोक असेल तरच ती चालू आवृत्तीच्या शाखेत घेतात, म्हणून ‘बंद’ झालेला बग तुमच्या मशीनवर काही दिवस दिसत राहू शकतो.

प्रश्न : लाईट गेली आणि फाईल उघडेना. काही उपाय? (शिरोली)

उत्तर : त्याच फोल्डरमध्ये बॅकअपची फाईल शोधा. मुळात एकच बॅकअप ठेवला जातो, प्रेफरन्सेसमध्ये तो आकडा ५ करा. ऑटो-रिकव्हरी १५ मिनिटांची असते, ती ५ वर आणा. फ्रीकॅडची एफसीएसटीडी फाईल मुळात झिप असते. प्रतीच्या नावाचा शेवट बदलून झिप करा आणि ती उघडा. आतल्या बीआरपी (आकार साठवणाऱ्या) फाईली शाबूत असतील तर इम्पोर्ट करता येतात. आकार मिळेल, स्केचेस आणि मापं मिळणार नाहीत.